उंदरापासून मुलापर्यंत

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्यें शेलू नांवाचें एक लहानसें स्थानक आहे. एका बाजूस माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उल्हास नदीचें खोरें आणि मधून गेलेले रुळ, असा हा परिसर आहे. पूर्वीं भातशेतीवर जगणारें हें गांव आतां मुंबईच्या नोकरदारांच्या वस्तीचें गांव होत चाललें आहे. कल्पना करावी कीं, पावसाळ्यांतील एका सकाळीं एक माता आपल्या पांच वर्षांच्या मुलाचा हात धरून या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभी आहे. मूल सुदृढ आहे, दिसावयास गोड आहे. पण शेजारच्या बाईनें प्रेमानें नांव विचारलें, तर तें उत्तर देत नाहीं, तिच्याकडे पाहतहि नाहीं. फलाटाच्या छपरावरून ठिबकणाऱ्या थेंबांकडे तें टक लावून पाहतें आणि गाडीचा भोंगा वाजतांच दोन्ही कान हातांनीं झांकून घेतें. दीड तासाहून अधिक प्रवास करून मातेला मुंबईंतील एका बालविकास केंद्रांत पोंचावयाचें आहे. तिच्या पिशवींत तपासणीच्या कागदांबरोबर वृत्तपत्राचें एक कात्रणहि आहे. भांगेच्या झाडांतील एका द्रव्यानें स्वमग्न उंदीर सुधारले, अशी बातमी त्यांत आहे. तिच्या एका नातलगानें तर तशा तेलाची बाटली कोठें मिळते, तो पत्ताहि आणून दिला आहे. तें तेल मुलाला द्यावें कीं नाहीं, हा तिचा प्रश्न आहे.

ही माता कल्पित आहे. तिचा प्रश्न मात्र आज अनेक घरांत खराखुरा विचारला जात आहे. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं त्या उंदरांचें काय झालें, आणि उंदरापासून मुलापर्यंतची वाट किती लांब आहे, हें पाहिलें पाहिजे.

ज्या अवस्थेला आज मराठींत स्वमग्नता म्हणतात, तिचें स्पष्ट वर्णन १९४३ सालीं अमेरिकेंतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीं केलें. त्यांच्या निबंधांत अकरा मुलांची हकीकत होती. माणसांपेक्षां वस्तूंत अधिक रमणें, शब्द येत असूनहि ते संवादासाठीं न वापरणें, आणि रोजच्या क्रमांत थोडाहि बदल झाला तर अतिशय अस्वस्थ होणें, हीं त्या मुलांचीं लक्षणें होतीं. दुसऱ्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स ॲस्पर्गर यांनींहि अशाच मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर कांहीं काळ, मातेच्या कोरडेपणामुळें मूल असें होतें, असा एक क्रूर समज पसरला होता. तो आतां पूर्णपणें टाकून देण्यांत आला आहे. मेंदूची घडणच गर्भावस्थेपासून निराळ्या रीतीनें होते, तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा असतो, आणि शेंकडों जनुकांचा तिच्याशीं संबंध पोंचतो, असें आज मानतात. भारतांतील पांच ठिकाणीं झालेली एक पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. त्या पांचांत उत्तर गोवा हें एक ठिकाण होतें. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत शेंकडा एकाच्या आसपास मुलें स्वमग्न असल्याचें त्या पाहणींत आढळलें. म्हणजे ही अवस्था विरळा नाहीं. ती शेजारच्या घरांत आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेंहि तिला आपल्या यादींत स्थान दिलें आहे.

या अवस्थेच्या मूळ लक्षणांवर, म्हणजे संवादाच्या अडचणीवर व एकाच वर्तनाच्या पुनरावृत्तीवर, अद्याप एकहि औषध सर्वमान्य झालेलें नाहीं. तीव्र चिडचिडीवर औषधें आहेत, फेफऱ्यावर आहेत, झोपेवर आहेत. पण मूळ लक्षणांच्या बाबतींत वैद्याचे हात रिकामे आहेत. जेथें वैद्याचे हात रिकामे असतात, तेथें आशेचा व्यापार लवकर भरभराटीस येतो. म्हणूनच त्या कात्रणाचें मोल नीट पारखून घेतलें पाहिजे.

भांग, गांजा आणि चरस हीं तीन नांवें एकाच झाडाचीं आहेत. पानें ती भांग, मादी झाडाच्या फुलांचे तुरे तो गांजा, आणि त्याचा चीक तो चरस. आयुर्वेदांत हीच वनस्पति विजया या नांवानें ओळखली जाते. तिच्या औषधी गुणांची पाश्चात्त्य पद्धतीनें पहिली महत्त्वाची परीक्षा भारतांतच झाली, आणि ती प्राण्यांवरील प्रयोगांनींच सुरू झाली. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविणारे विल्यम ब्रूक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरांनीं १८३९ सालीं आपले निष्कर्ष विद्वानांपुढें मांडले. पुढें भारतांत तारायंत्राचें जाळें ज्यांनीं उभारलें, तेच हे गृहस्थ. रोग्याला औषध देण्याआधीं त्यांनीं तें कुत्रे, मांजरें, मासे, गिधाडें, कावळे, घोडे, शेळ्या व गाई अशा नाना प्राण्यांना देऊन पाहिलें. मांसाहारी प्राण्यांना व माशांना नशा त्वरित चढते आणि गवत खाणाऱ्यांवर तिचा परिणाम अगदीं थोडा होतो, असें त्यांना दिसलें. एकच द्रव्य, पण कुत्र्याच्या पोटांत त्याचा गुण एक आणि शेळीच्या पोटांत दुसरा! जें एका प्राण्यांत दिसलें तें दुसऱ्यांत दिसेलच असें नाहीं, हा धडा भांगेच्या शास्त्राच्या पहिल्याच पानावर लिहिला गेला आहे.

त्यानंतर ओशॉनेसी यांनीं धनुर्वात, संधिवात इत्यादि रोगांत तें औषध वापरलें. त्यांच्या रोग्यांत अवघ्या चाळीस दिवसांचें एक तान्हें मूल होतें. त्याला वरचेवर आंकड्या येत होत्या आणि नेहमींचे उपाय थकले होते. भांगेच्या अर्कानें त्या आंकड्या थांबल्याची नोंद त्यांनीं केली आहे. आज ज्या द्रव्याची चर्चा चालली आहे, त्याचें पहिलें मोठें यश आंकड्यांच्याच विकारांत मिळालें, हें ध्यानांत घेतां ती जुनी नोंद विशेष वाटते.

भांगेसाठीं प्राण्यांना साक्षीस बोलावण्याचा दुसरा प्रसंग १८९३-९४ सालीं आला. गांजानें माणसें वेडीं होतात काय, याचा निर्णय करण्यासाठीं सरकारनें एक आयोग नेमला. हिंदुस्थानभर फिरून त्यानें ११९३ साक्षी नोंदविल्या. मुंबई इलाख्यांतहि त्याची चौकशी झाली. त्या वेळीं या इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत होत असे. आयोगाच्या सांगण्यावरून कलकत्त्यास डॉक्टर कनिंगहॅम यांनीं एका माकडाला अनेक महिने गांजाचा धूर दिला आणि नंतर त्याच्या मेंदूची तपासणी केली. मेंदूंत गांजामुळें झालेली अशी विकृति त्यांना आढळली नाहीं. प्रयोग सचोटीचा होता; पण माकड एकच होतें, आणि प्रश्न माणसांचा होता. त्या एका माकडानें जेवढी साक्ष दिली, तेवढीच ती मानावयास हवी होती.

या झाडांत शंभराहून अधिक विशेष द्रव्यें आहेत. त्यांपैकीं दोन प्रमुख होत. एकानें नशा येते. त्याला थोडक्यांत टीएचसी म्हणतात. दुसरें कॅनाबिडायॉल; त्यानें नशा येत नाहीं. कॅनाबिडायॉल हें १९४० सालीं अमेरिकेंत रॉजर ॲडम्स यांनीं झाडापासून वेगळें काढलें. त्याची नेमकी रचना १९६३ सालीं इस्रायलांतील राफाएल मेशूलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उलगडली. पुढच्याच वर्षीं टीएचसीचीहि रचना त्यांनीं निश्चित केली. मेशूलाम यांच्या सहकार्यानें ब्राझिलमध्यें फेफऱ्याच्या थोड्या रोग्यांना कॅनाबिडायॉल देऊन पाहण्यांत आलें आणि त्याचे आशादायक निष्कर्ष १९८० सालीं प्रसिद्ध झाले. तरीहि त्यानंतर सुमारें तीस वर्षें या द्रव्याकडे जगाचें लक्ष फारसें गेलें नाहीं.

आतां उंदराकडे वळावयाचें. उंदीर स्वमग्न कसा असेल? त्याला भाषा नाहीं, शाळा नाहीं, नांव विचारणारी शेजारीण नाहीं. याचें प्रामाणिक उत्तर असें कीं, उंदीर स्वमग्न नसतोच. स्वमग्नतेच्या एखाद्या कारणाची किंवा एखाद्या लक्षणाची नक्कल तेवढी त्याच्यांत उतरविलेली असते. हें तीन मार्गांनीं करतात. पहिला मार्ग जनुकाचा. ज्या जनुकांतील बिघाड स्वमग्न मुलांत आढळतो, तोच उंदरांत घडवून आणतात. दुसरा मार्ग निवडीचा. बीटीबीआर नांवाच्या उंदरांची एक जात जात्याच एकलकोंडी असून सतत आपलें अंग चाटत बसते. तिचाच उपयोग करून घेतात. तिसरा मार्ग औषधाचा. फेफऱ्यावर दिलें जाणारें व्हॅल्प्रोएट हें औषध गाभण उंदरिणीला ठराविक दिवशीं दिलें, तर तिच्या पिलांच्या मेंदूंत स्वमग्नतेशीं मिळतेजुळते फरक होतात, असें १९९६ सालीं अमेरिकेंत पॅट्रिशिया रोडियर यांनीं दाखविलें. हा मार्ग केवळ उंदरांपुरता नाहीं. ज्या मातांनीं गरोदरपणीं व्हॅल्प्रोएट घेतलें होतें, त्यांच्या मुलांत स्वमग्नतेचें प्रमाण शेंकडा सुमारें साडेचार होतें, तर एरवीं तें दीड होतें, असें डेन्मार्कमधील मोठ्या नोंदींवरून २०१३ सालीं सिद्ध झालें. अर्थात् फेफऱ्याच्या रोगी स्त्रीनें हें औषध आपल्याच मनानें बंद करूं नये. तो बदल डॉक्टरांनींच करावयाचा असतो.

नक्कल तयार झाली म्हणजे परीक्षा घेतात. तीन कप्प्यांची एक पेटी असते. मधल्या कप्प्यांत उंदीर सोडतात. एका बाजूच्या कप्प्यांत जाळीच्या पिंजऱ्यांत एक अनोळखी उंदीर असतो, आणि दुसऱ्या बाजूस तसाच पण रिकामा पिंजरा असतो. सामान्य उंदीर बहुतेक वेळ त्या पाहुण्याच्या पिंजऱ्याभोंवतीं हुंगत घालवितो. नक्कल उतरविलेला उंदीर पाहुण्याची पर्वा करीत नाहीं. त्याला उंदीर काय आणि रिकामी जाळी काय, सारखींच. किती सेकंद कोठें गेले, तें मोजतात. उंदीर आपलें अंग किती वेळ चाटतो, हेंहि मोजतात. तें पुनरावृत्तीचें माप. मग औषध देऊन हींच मापें पुन्हां घेतात. वृत्तपत्रांत 'स्वमग्न उंदीर सुधारले' असें छापून येतें, तेव्हां त्याचा अर्थ हीं मापें बदललीं, एवढाच असतो.

या कसोट्यांवर कॅनाबिडायॉलनें काय केलें? सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेंत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत झाला व २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ड्राव्हे नांवाचा बालपणींचा एक भयंकर फेफऱ्याचा विकार आहे. त्यांतील मुलांत स्वमग्नतेचीं लक्षणेंहि वारंवार दिसतात. त्याचें कारण बहुधा एकाच जनुकांत असतें. मेंदूंत चेतविणाऱ्या पेशी असतात, तशाच आंवरणाऱ्याहि असतात; घोड्याला जसा टाचेचा इशारा हवा तसा लगामहि हवा. ड्राव्हे विकारांत तो लगामच सैल पडतो. हाच दोष ज्यांच्यांत घडविला होता अशा उंदरांना कॅनाबिडायॉल दिल्यावर त्यांच्या आंकड्या कमी झाल्या, आणि त्याहून लहान मात्रेनें त्यांचें इतर उंदरांशीं वागणेंहि सुधारलें. मेंदूच्या एका विशिष्ट भागांतील आंवरणाऱ्या पेशी पुन्हां आपलें काम करूं लागल्या, असें संशोधकांना दिसलें. औषध लागू पडलें, आणि कसें लागू पडलें याचाहि मागोवा लागला. म्हणून या प्रयोगाचें महत्त्व.

परंतु पुढील प्रयोगांनीं चित्र तितकें सरळ राहूं दिलें नाहीं. इटलींतील संशोधकांनीं २०१९ सालीं व्हॅल्प्रोएटनें बाधित उंदरांवर कॅनाबिडिव्हॅरिन हें कॅनाबिडायॉलचें भावंड वापरलें. समागमाची ओढ व स्मरण यांत सुधारणा झाली. पण २०२१ सालीं इस्रायलांतील संशोधकांनीं शँक-तीन या जनुकाचा दोष असलेल्या उंदरांना कॅनाबिडायॉलनें समृद्ध असें भांगेचें तेल दिलें, तेव्हां निराळीच गोष्ट उघड झाली. उंदरांची भीति कमी झाली, अंग चाटणें पुष्कळ कमी झालें. पण बारकाईनें शोध घेतां, त्या तेलांत अगदीं थोडें असलेलें टीएचसीच या गुणाला आवश्यक होतें आणि नुसत्या कॅनाबिडायॉलचा परिणाम त्या मानानें उणा होता, असें दिसून आलें. म्हणजे एका उंदरांत ज्याला श्रेय मिळालें, त्याला दुसऱ्या उंदरांत तें मिळालें नाहीं. कारण उघड आहे. दोन्ही उंदरांना स्वमग्नतेचें एकच बिरुद लावलेलें असलें तरी त्यांच्या मेंदूंतील दोष भिन्न आहेत. मुलांच्या बाबतींत तर हें वैविध्य कितीतरी अधिक असणार.

उंदराकडून मुलाकडे येतांना किती औषधें वाटेंतच गळतात, याचीं उदाहरणें मन सावध करणारीं आहेत. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारांत पुष्कळ मुलें स्वमग्नहि असतात. त्याचा नमुना असलेल्या उंदरांत मॅव्होग्लुरंट या औषधानें नामी गुण दाखविला होता. पण माणसांवरील दोन चांचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाहीं, आणि तें अपयश २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची कथाहि तशीच. प्राण्यांत तें ममता व सलगी वाढवितें, म्हणून तें नाकावाटे मुलांना देण्याची कल्पना निघाली. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चांचणींत ३ ते १७ वर्षांच्या २९० मुलांना सहा महिने तें अथवा खोटें औषध दिलें. दोहोंत फरक पडला नाहीं.

कॅनाबिडायॉल मात्र एका वाटेनें मुलांपर्यंत खरोखरच पोंचलें आहे. ती वाट फेफऱ्याची. ड्राव्हे विकाराच्या १२० रोग्यांवरील चांचणीचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसाला वजनाच्या दर किलोमागें २० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्या मुलांत महिन्याच्या आंकड्यांची मध्यम संख्या सुमारें बारावरून सहावर आली. त्याच वेळीं गुंगी, जुलाब, भूक मंदावणें हे त्रासहि अधिक दिसले. यकृतावर ताण पडल्याचीं चिन्हें कांहीं मुलांत आढळलीं, आणि तीं विशेषतः व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत होतीं. हीं सर्व जमाखर्चाचीं कलमें पुढें मांडूनच जून २०१८ मध्यें अमेरिकन सरकारनें दोन विरळ फेफऱ्यांसाठीं या औषधास मान्यता दिली. स्वमग्नतेसाठीं ती मान्यता दिलेली नाहीं.

स्वमग्न मुलांवर थेट चांचणी इस्रायलांतच झाली. तिचा निष्कर्ष २०२१ सालीं आला. ५ ते २१ वर्षांच्या १५० जणांना तीन महिने झाडाचा संपूर्ण अर्क, शुद्ध द्रव्यांचें मिश्रण किंवा खोटें औषध देण्यांत आलें. आई-बापांनीं भरलेल्या मुख्य प्रश्नावलींत खऱ्या व खोट्या औषधांत फरक निघाला नाहीं. डॉक्टरांच्या मतानें मात्र संपूर्ण अर्क घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४९ जणांचें त्रासदायक वर्तन चांगलें सुधारलें. खोट्या औषधानें तें २१ जणांचें सुधारलें. यांत आशाहि आहे आणि इशाराहि आहे. नुसत्या साखरपाण्यासारख्या औषधानें शंभरांतील एकवीस मुलें 'सुधारतात', ही गोष्ट ज्यानें मनांत धरली, त्याला शेजाऱ्याच्या मुलाला गुण आला एवढ्यावरून औषधाची खात्री पटणार नाहीं. मूल वाढत असतें, दिवस कांहीं बरे येतात आणि कांहीं वाईट, आणि आशेनें पाहणाऱ्या डोळ्याला सुधारणा आधीं दिसते. यांत कोणाची लबाडी नसते. मनुष्यस्वभावच तसा आहे. सिक्रेटिन नांवाच्या द्रव्यानें स्वमग्न मुलें बोलूं लागतात, असा एकदां मोठा गवगवा झाला होता. १९९९ सालच्या चांचणींत तें खोट्या औषधाहून सरस ठरलें नाहीं. हा निकाल सांगितल्यावरहि त्या मुलांच्या आई-बापांपैकीं शेंकडा ६९ जणांनीं, तरीहि त्या औषधांत आपल्याला रस आहे, असें सांगितलें! त्या आई-बापांना हंसणें सोपें आहे. पण ज्यांच्या दारीं दुसरें औषधच नाहीं, त्यांनीं एक दार उघडें ठेवावयाची इच्छा करावी, यांत नवल तें कोणतें?

तथापि उघड्या दारांतून काय आंत येतें, याची चौकशी केलीच पाहिजे. भारतांत १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें चरस व गांजा यांवर कडक बंधनें आहेत. मात्र तुऱ्यांशिवाय असलेलीं पानें व बिया त्या कायद्याच्या गांजाच्या व्याख्येंत येत नाहींत. याच वाटेनें पानांपासून काढलेले विजयेचे अर्क आयुर्वेदीय औषधें म्हणून तयार केले जातात. पण औषधांच्या नियमांत भांगेची गणना विषारी द्रव्यांच्या यादींत होते, आणि अशीं औषधें वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. पानांच्या अर्कांत कॅनाबिडायॉल किती आणि टीएचसी किती, हें प्रत्येक बाटलीगणिक निराळें असूं शकतें. वाढत्या मेंदूला टीएचसी निर्धोक आहे, असें कोणीहि जबाबदार डॉक्टर म्हणणार नाहीं. शिवाय स्वमग्न मुलांत फेफऱ्याचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यांतलीं पुष्कळ मुलें आधींच व्हॅल्प्रोएट किंवा क्लोबॅझम घेत असतात. कॅनाबिडायॉलमुळें क्लोबॅझमचा अंश रक्तांत वाढतो, आणि व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताला अपाय होण्याचा संभव वाढतो. डॉक्टरांपासून लपवून दिलेले चार थेंब म्हणजे केवळ वायां गेलेले पैसे नव्हेत. तो अपघात ठरूं शकतो.

उंदरावरून मुलाची मात्रा ठरविण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. उंदराचें वजन तीस ग्रॅमच्या आसपास. त्याचें काळीज मिनिटाला पांचशेंहून अधिक ठोके देतें आणि औषधाचा निचरा त्याचें शरीर कितीतरी त्वरेनें करतें. म्हणून त्याला दर किलोमागें जेवढें औषध लागतें, तेवढें माणसाला चालत नाहीं. शास्त्रज्ञ तो आंकडा पुष्कळ पटींनीं कमी करून मगच माणसावरील प्रयोगास आरंभ करतात. नुसत्या त्रैराशिकानें येथें काम भागत नाहीं.

मग त्या मातेनें हातावर हात ठेवून बसावें काय? तसें मुळींच नाहीं. औषधाची चर्चा दूर देशीं चालली असतां, एक निराळा उपाय शेलूहून फार दूर नसलेल्या गोव्यांत पारखला गेला. स्वमग्न मुलाशीं कसें खेळावें, त्याच्या लहानशा खुणेला कसें उत्तर द्यावें, तें बोलेपर्यंत कसें थांबावें, हें आई-बापांना त्यांच्या घरींच शिकवावयाचें, आणि शिकविणारे मोठे तज्ज्ञ नव्हेत, तर तयार केलेले साधे कार्यकर्ते, अशी ती योजना होती. गोवा व पाकिस्तानांतील रावळपिंडी येथें मिळून ६५ मुलांवर तिची रीतसर चांचणी झाली व २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आई-बाप मुलाच्या कलानें वागूं लागले, आणि मूल आपण होऊन त्यांच्याशीं संवाद अधिक वेळां सुरू करूं लागलें. सगळेंच साधलें असें नाहीं. कांहीं मापें सुधारलीं नाहींत. पण या उपायानें यकृत बिघडत नाहीं, आणि तो बाटलींतून विकत आणावा लागत नाहीं.

उंदरांवरील प्रयोग व्यर्थ आहेत, असा याचा अर्थ कोणीं काढूं नये. आंवरणाऱ्या पेशींचें रहस्य त्या मुक्या जीवांनींच उलगडून दिलें आहे, आणि उद्यां एखाद्या विशिष्ट दोषाच्या मुलांसाठीं खरें औषध सांपडलें, तर त्याची पहिली खूण एखाद्या तीन कप्प्यांच्या पेटींतच उमटलेली असेल. उंदीर प्रश्न विचारावयास शिकवितो. उत्तर मात्र मुलांवरील काळजीपूर्वक, दीर्घ व प्रामाणिक चांचणींतूनच मिळावें लागतें. कॅनाबिडायॉलच्या बाबतींत स्वमग्नतेपुरतें तें उत्तर अजून मिळावयाचें आहे.

संध्याकाळच्या गाडीनें ती माता शेलूस परत येईल, तेव्हां तिच्या पिशवींत दोन गोष्टी असूं शकतील: तें कात्रण आणि ती बाटली. कात्रण तिनें जपून ठेवावें. तें खोटें नाहीं, अपुरें आहे. पुढच्या भेटींत तें डॉक्टरांपुढें उघडें करावें आणि निर्भयपणें विचारावें कीं, हा प्रयोग कोणावर झाला, मात्रा किती होती, खोट्या औषधाशीं तुलना केली होती काय, आणि मुलाच्या चालू औषधांशीं तें जुळेल काय. या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत बाटली मात्र दुकानांतच राहूं द्यावी. आणि तोंवर फलाटावर थेंब पाहत उभ्या असलेल्या मुलाजवळ तिनें क्षणभर वांकावें, आणि त्याच्याबरोबर तेच थेंब पाहावेत. त्याच्या जगांत शिरण्याचा रस्ता तेथूनच जातो.